बारा मुलगे असलेलं घराणं आणि वारस उरली एक आत्या: सिसिलीच्या ओतव्हिल घराण्याचं 1189 चं प्रकरण

18 नोव्हेंबर 1189 ला सिसिलीचा राजा विल्यम दुसरा राजधानी पालेर्मोमध्ये वारला. वय फक्त 35. मूलबाळ नाही, धाकटा भाऊ हेन्री 1172 मध्येच गेलेला, थोरला त्याच्याही आधी 1161 च्या बंडात लहानपणीच गेलेला. या विल्यमच्या खापरपणजोबाला, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या टँक्रेड द ओतव्हिलला, दोन बायकांपासून बारा मुलगे होते. बारा! आणि सव्वाशे-दीडशे वर्षांत राजाच्या शाखेत औरस पुरुष एकही उरला नाही. उरली ती एक बाई, राजाची आत्या कॉन्स्टन्स, आणि तीही लग्न होऊन जर्मनीला गेलेली.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी दोन ओळींत संपवतात. विल्यमला मूल नव्हतं, घराणं बुडालं, राज्य जर्मनांकडे गेलं, संपलं. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण हे बरोबर नाही. मी हा वंशवृक्ष वहीत स्वतः काढायला घेतला तेव्हा आधी पुस्तकातल्यासारखाच काढला, मुलगे ठळक रेघेने आणि मुली कडेला बारीक अक्षरात, आणि मग 1189 ला कागदच संपतो, खाली काही जातच नाही. दुसऱ्यांदा मुलींनाही तेवढीच जागा देऊन काढला आणि कागद पुरेना, जोडून घ्यावा लागला. घराणं तेच, माणसं तीच. म्हणून हे प्रकरण नीट सगळं मांडावंसं वाटलं, कोणाचा हक्क काय होता, कोणी काय ठरवलं आणि का, आणि शेवटी झालं काय.

आधी घराणं कसं वाढलं ते बघायला हवं, नाहीतर 1189 चा पेच कळत नाही.

ओतव्हिल हे नॉर्मंडीच्या कोतांतँ भागातलं लहानसं गाव. टँक्रेड तिथला किरकोळ जमीनदार. या घराण्याचा इतिहास लिहिणारा भिक्षू मालातेर्रा कारण अगदी सरळ सांगतो, की या भावांनी शेजारपाजारी पाहिलं, बाप गेला की पोरं वाटणीवरून भांडतात आणि जमिनीचे तुकडे होऊन कोणालाच पुरत नाही, म्हणून आपल्यात तसं व्हायला नको असं ठरवून ते बाहेर पडले. हे वाचलं की गावाकडचा सातबारा डोळ्यासमोर येतो, हे काही कोणाला समजावून सांगायला नको. म्हणजे या घराण्याची सुरुवातच वाटणीच्या भीतीतून झाली.

पहिल्या बायकोचे विल्यम, ड्रोगो आणि हम्फ्री दक्षिण इटलीत गेले, भाडोत्री शिपाई म्हणून. विल्यमला 'लोहबाहू' म्हणत. तो 1042 मध्ये आपुलियाचा काउंट झाला, 1046 ला गेला, मग ड्रोगो, 1051 ला त्याचा खून, मग हम्फ्री, 1057 ला तो गेला. मग दुसऱ्या बायकोचा थोरला रॉबर्ट, टोपणनाव गिस्कार म्हणजे धूर्त, आणि तो होताच तसा. 1059 मध्ये मेल्फी इथे पोप निकोलस दुसरा याने त्याला ड्यूक करून टाकलं. सगळ्यात धाकटा रॉजर मागून आला आणि त्याने थोरल्या भावाबरोबर सिसिली घ्यायला सुरुवात केली, 1061 ला उतरले, 1072 ला पालेर्मो पडलं, 1091 ला बेट पूर्ण हातात. तीस वर्षं लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तीन सख्ख्या भावांत गादी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, मग सावत्र भावाकडे, मुलांना बाजूला ठेवून. म्हणजे 'थोरल्याचा थोरला' असा पक्का नियम या घराण्यात कधी नव्हताच. जो हजर आहे, मोठा आहे, तलवार धरू शकतो आणि ज्याला सरदार मानतात, त्याची गादी. 1189 ला हीच सवय आडवी आली.

गिस्कारची पहिली बायको अल्बेराडा, तिचा मुलगा बोहेमंड. मग 'आपण जवळचे नातलग निघालो' असं कारण काढून ते लग्न रद्द केलं आणि सालेर्नोच्या राजकन्येशी, सिकेलगाइताशी, लग्न केलं. वारसा तिच्या मुलाला मिळाला, थोरला बोहेमंड रिकाम्या हाताने राहिला, तो पहिल्या क्रुसेडबरोबर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाबरोबर, पूर्वेला गेला आणि 1098 मध्ये त्याने अँटिओक जिंकून तिथे स्वतःची गादी घातली. एकाच बापाच्या दोन मुलांच्या दोन शाखा, एक आपुलियात, एक पार सिरियाच्या टोकाला.

आणि धाकट्या रॉजरची शाखा सिसिलीत. त्याचा मुलगा रॉजर दुसरा, जन्म 22 डिसेंबर 1095, हा या सगळ्या कथेतला मोठा माणूस. त्याचं नशीब कसं उघडलं बघा. 1127 मध्ये आपुलियाचा ड्यूक, म्हणजे त्याचा चुलत पुतण्या, मूल न होता वारला, तर रॉजरने आपुलिया घेतलं. 1130 च्या सुरुवातीला अँटिओकचा बोहेमंड दुसरा, हाही चुलत पुतण्याच, लढाईत मारला गेला आणि मागे राहिली एक तान्ही मुलगी. त्याच वर्षी 25 डिसेंबर 1130 ला, नाताळच्या दिवशी, पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये रॉजरचा राज्याभिषेक झाला. काउंटचा राजा झाला. घराण्याच्या बाकी फांद्या वाळत गेल्या आणि सगळा रस एका फांदीत आला, हे त्या तीन वर्षांत झालं.

त्या तान्ह्या मुलीचं नावही कॉन्स्टन्सच. ती वेगळी, अँटिओकची कॉन्स्टन्स. रॉजरचं म्हणणं होतं की पुरुष वारस मी आहे, तेव्हा अँटिओक माझं. पण अँटिओकच्या सरदारांनी त्या मुलीलाच वारस मानलं आणि तिच्यासाठी युरोपातून नवरा शोधला, रेमंड ऑफ प्वातिए. रॉजरने त्याला वाटेतच पकडायचं ठरवलं, दक्षिण इटलीच्या बंदरांवर पाळत ठेवली, तर रेमंड आणि त्याची माणसं साध्या प्रवाशांचे वेश करून निसटली. 1136 ला लग्न झालं, मुलगी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची असेल. तिच्या विधवा आईला तर असं भासवलं होतं की हा नवरा तुझ्यासाठी येतोय.

मी यावर जरा जास्त थांबतोय कारण इथे रॉजरने जी बाजू घेतली होती, 'मुलगी आहे म्हणजे वारस नाही', तीच बाजू साठ वर्षांनी त्याच्या स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध उभी राहिली.

आता रॉजरचं घर. पहिली बायको कॅस्टिलची एल्विरा, 1117 ला लग्न. मुलगे भरपूर, चिंता करायचं कारणच नाही. एल्विरा 1135 ला वारली, रॉजरने चौदा वर्षं दुसरं लग्न केलं नाही. आणि मग एकेक करून मुलगे जायला लागले. टँक्रेड 1138 ला. अल्फॉन्सो 1144 ला. हेन्री लहानपणीच गेला. आणि 1140 च्या दशकाच्या शेवटी थोरला, ज्याला बापाने सगळ्यात जास्त तयार केलं होतं तो आपुलियाचा ड्यूक रॉजर, तोही गेला. राहिला एकटा विल्यम, ज्याला राजा करायचं कोणाच्या मनातही नव्हतं. बापाने 1151 मध्ये त्याला आपल्याबरोबरच राज्याभिषेक करून घेतला, म्हणजे मागे वाद नको. आणि पन्नाशीच्या पुढे असलेला रॉजर पुन्हा बोहल्यावर चढला. 1149 ला बर्गंडीची सिबिला, ती वर्षभरात बाळंतपणात गेली. 1151 ला रेतेलची बिआत्रिस. हे लग्न हौसेचं नव्हतं, ही सरळ सरळ वंशाची भीती होती.

26 फेब्रुवारी 1154 ला रॉजर वारला तेव्हा बिआत्रिसला दिवस गेलेले होते. 2 नोव्हेंबर 1154 ला मुलगी झाली. बाप जाऊन आठ महिने उलटलेले. तीच आपली कॉन्स्टन्स.

नात्यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही, पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. विल्यम पहिला हा तिचा सावत्र भाऊ, त्याचा मुलगा विल्यम दुसरा डिसेंबर 1153 चा. म्हणजे भाचा आत्यापेक्षा जवळपास अकरा महिन्यांनी मोठा. दोघं एकाच पालेर्मोच्या राजवाड्याच्या काळातली, एकाच वयाची, पण वंशवृक्षात ती एक पायरी वर. म्हणून लोक तिला उगाच म्हातारी समजतात. आणि तिसरा माणूस बघा, टँक्रेड, तो तिच्या मेलेल्या थोरल्या सावत्र भावाचा, ड्यूक रॉजरचा, मुलगा, आई लेच्चेच्या काउंटच्या घरातली पण लग्न झालेलं नव्हतं, म्हणून अनौरस. तो विल्यम दुसऱ्याचा चुलत भाऊ आणि कॉन्स्टन्सचा भाचा, वयाने तिच्याहून बराच मोठा. जर त्याच्या आईबापांचं लग्न झालं असतं तर 1154 ला गादीवर त्याचाच हक्क सांगता आला असता, कारण तो थोरल्याचा मुलगा. एका लग्नविधीवर हा सगळा डोलारा आहे.

आता खरं प्रकरण. 1184 पासून सुरू होतं, 1189 पासून नाही.

1184 च्या ऑक्टोबरमध्ये ऑग्सबुर्गला जाहीर झालं की कॉन्स्टन्सचं लग्न सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या मुलाशी, हेन्रीशी, ठरलं. ती 30 ची होत आलेली, तो 19 चाही नव्हता. 27 जानेवारी 1186 ला मिलानला लग्न लागलं. तोवर सिसिलीचे राजे आणि जर्मन सम्राट म्हणजे हाडवैर होतं, आणि मध्ये पोप, ज्याला दोघांमध्ये दाबलं जायची कायम धास्ती. त्यामुळे हे लग्न बऱ्याच जणांना वेडेपणा वाटतं. राजाला मूल नाही, आणि घराण्यातली एकमेव औरस मुलगी शत्रूच्या घरी द्यायची?

पण विल्यमच्या जागी बसून बघा. त्याचं वय 30. बायको जोन, इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याची मुलगी, लग्नाला सात वर्षं झालेली, पण ती लग्नात अकरा वर्षांची होती, 1184 ला नुकती एकोणीस. मूल होणार नाही असं मानायला काहीच कारण नव्हतं. (जोनचं पुढे 1196 ला तुलूझच्या काउंटशी लग्न झालं आणि 1197 ला तिला मुलगा झाला.) दुसरीकडे विल्यमला बायझंटाइन साम्राज्यावर मोठी स्वारी करायची होती, 1185 ला ती केलीही, थेसालोनिकी जिंकलं आणि मग सैन्य पार मार खाऊन परत आलं. एवढं सगळं सैन्य आणि आरमार पूर्वेला पाठवायचं तर उत्तरेची सीमा शांत हवी. त्यासाठी हे लग्न. आणि हो, सरदारांकडून शपथ घेतली होती, की मला मूल नाही झालं तर कॉन्स्टन्स आणि तिचा नवरा वारस. म्हणजे त्याने दोन्ही बाजूंची सोय केली होती. माझं स्पष्ट मत आहे की निर्णय चुकीचा नव्हता, त्याने फक्त स्वतःचं मरण धरलं नव्हतं, आणि 30 व्या वर्षी कोण धरतं?

कॉन्स्टन्स तिशीपर्यंत बिनलग्नाची का राहिली यावरून नंतरच्या लोकांनी गोष्ट रचली की ती नन होती, मठातून ओढून काढून तिचं लग्न लावलं. इटालियन काव्यातही ती नन म्हणूनच येते. तिच्या काळातल्या कागदात याला आधार नाही. मला यात जास्त सरळ कारण दिसतं, ती राज्याची राखीव होती. तिला लवकर कुठेतरी दिली असती तर राज्यावर हक्क सांगणारा जावई तयार झाला असता.

मग 1189 चा नोव्हेंबर. विल्यम गेला आणि शपथ घेतलेल्या सरदारांना पहिल्यांदा कळलं की त्यांनी काय कबूल केलंय. राणी म्हणून आत्या येणार, ठीक, पण तिच्याबरोबर जर्मन नवरा, जर्मन सैन्य, आणि सिसिली साम्राज्याचा एक प्रांत. पालेर्मोच्या दरबारातला मुरलेला कारभारी मॅथ्यू ऑफ अयेल्लो, याने टँक्रेडचं नाव पुढे केलं. पोपलाही ते हवंच होतं. 1190 च्या जानेवारीत टँक्रेडचा राज्याभिषेक झाला.

टँक्रेड हा वाईट पर्याय नव्हता हे आधी सांगून ठेवतो, कारण त्याच्यावर फार अन्याय झालाय. तरुणपणी 1161 मध्ये काकाविरुद्धच्या, म्हणजे विल्यम पहिल्याविरुद्धच्या, बंडात तो सामील होता हे खरं, पण नंतर परत आला, लेच्चेचा काउंट झाला, 1174 च्या अलेक्झांड्रियाच्या आणि 1185 च्या पूर्वेकडच्या मोहिमेत जबाबदारीने काम केलं. घराण्याची जुनी सवय आठवा, जो हजर आहे, मोठा आहे, ज्याला सरदार मानतात. त्या मापाने टँक्रेड बरोबर बसत होता. त्याच्या विरुद्ध फक्त एक गोष्ट, आईबापांचं लग्न. पिएत्रो दा एबोली नावाच्या कवीने हेन्रीच्या बाजूने एक चित्रांचा लॅटिन ग्रंथ केला, त्याचं हस्तलिखित आज बर्नला आहे, त्यात टँक्रेडला बुटका, माकडासारखा, अर्धवट जन्मलेला असं रंगवलंय. अंगकाठीने तो लहान असेल, पण हे चित्र त्याच्या अंगकाठीचं नाहीच, त्याच्या जन्माचं आहे. अनौरस म्हणजे अपूर्ण, एवढंच त्या चित्राला सांगायचंय.

टँक्रेडला पहिला झटका अनपेक्षित ठिकाणाहून बसला. विधवा राणी जोनला त्याने नजरकैदेत ठेवलं होतं आणि तिच्या हक्काची जहागीर, मोंते सांत'आंजेलोचा मुलूख, दिला नव्हता. 1190 च्या सप्टेंबरात तिचा भाऊ रिचर्ड, तोच 'सिंहहृदयी' म्हणून माहीत असलेला, क्रुसेडला जाताना मेसिनाला उतरला. बहिणीचा विषय काढला, आणि ऑक्टोबरमध्ये शहरच घेतलं. तह झाला त्यात टँक्रेडने जोनच्या हक्काबद्दल 20,000 औंस सोनं दिलं आणि वर आणखी 20,000 औंस, आपली मुलगी रिचर्डच्या पुतण्याला, आर्थरला, देण्याच्या बोलीवर. बदल्यात रिचर्डने त्याला राजा मानलं. महाग पडलं, पण मान्यता मिळाली.

1191 च्या एप्रिलमध्ये हेन्री रोमला सम्राट झाला आणि बायकोचा हक्क मागायला दक्षिणेला उतरला. नेपल्सला वेढा घातला. उन्हाळा, साथ पसरली, सैन्य मेलं, हेन्री स्वतः आजारी पडला आणि मागे फिरला. कॉन्स्टन्सला त्याने सालेर्नोला ठेवलं होतं, कारण सालेर्नोकरांनी स्वतः बोलावलं होतं. आता हेन्री मेला अशी अफवा उठली आणि तेच लोक घाबरले, उद्या टँक्रेड येऊन आपल्याला विचारणार, तर त्याआधी काहीतरी हातात हवं. जमावाने राजवाड्याला घेरलं. ती सम्राज्ञी, रॉजरची मुलगी, आपल्याच बापाच्या राज्यात, वरून लोकांशी बोलायचा प्रयत्न करत होती आणि खाली कोणी ऐकत नव्हतं. तिला पकडून मेसिनाला टँक्रेडकडे पाठवलं.

विचार करा. भाचा राजा, आत्या कैदी. हातात आलेली ती एकमेव औरस वारस, आणि तिच्याशिवाय हेन्रीचा दावाच उभा राहत नाही. टँक्रेडने तिला सन्मानाने वागवलं. 1192 मध्ये पोपने आग्रह केला की तिला रोमला पाठवा, मी मध्यस्थी करतो, आणि टँक्रेडने तिला सोडली. वाटेत जर्मन शिपायांची तुकडी भेटली आणि ती सरळ उत्तरेला नवऱ्याकडे गेली. टँक्रेडच्या हातातला सगळ्यात मोठा मोहरा असा गेला. कोणी याला भोळेपणा म्हणतं. पण पोपची मान्यता हीच त्या अनौरस राजाची सगळ्यात मोठी गरज होती, ती त्याला त्याच वर्षी लेखी मिळाली, आणि त्यासाठी त्याने ही किंमत मोजली. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

मग नशीब फिरलं. टँक्रेडने थोरला मुलगा रॉजर याला आपल्याबरोबर राजा केलं होतं, बायझंटाइन राजकन्या आयरीनशी त्याचं लग्न लावलं होतं. तो 1193 च्या डिसेंबरात गेला. 20 फेब्रुवारी 1194 ला टँक्रेड स्वतः गेला. राहिला लहानगा विल्यम तिसरा आणि त्याची आई सिबिला. पुन्हा तेच, या घराण्यात मुलगे होतात पण टिकत नाहीत. इकडे रिचर्ड क्रुसेडवरून परतताना पकडला जाऊन हेन्रीच्या हातात पडला होता आणि त्याची खंडणी दीड लाख मार्क ठरली होती, त्यातला मोठा हिस्सा मिळालाही. म्हणजे ज्या रिचर्डने टँक्रेडला राजा मानलं त्याच्याच पैशावर टँक्रेडचं राज्य घेतलं गेलं. 1194 ला फार लढाई झालीच नाही. 20 नोव्हेंबरला हेन्री पालेर्मोत शिरला. 25 डिसेंबरला राज्याभिषेक, तीच तारीख, रॉजर दुसऱ्याच्या राज्याभिषेकाला बरोबर 64 वर्षं झालेली.

त्या समारंभाला कॉन्स्टन्स नव्हती. ती सावकाश मागून येत होती कारण तिला दिवस गेले होते. लग्नाला जवळपास नऊ वर्षं, वय 40, पहिलंच मूल. आणि राज्याभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबर 1194 ला, मध्य इटलीतल्या येझी या गावात मुलगा झाला. नंतरचे लेखक सांगतात की तिने गावच्या चौकात तंबू ठोकायला लावला आणि गावातल्या बायकांना येऊन बाळंतपण बघायला सांगितलं, म्हणजे मूल दुसऱ्याचं आहे असं कोणी म्हणू नये. हे तसंच्या तसं घडलं असं मी म्हणणार नाही. पण तो मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या शत्रूंनी खरंच पसरवलं की हा खाटकाचा मुलगा, म्हाताऱ्या राणीच्या कुशीत आणून ठेवलेला. चाळिशीतल्या बाईच्या बाळंतपणावर एका राज्याचा हक्क टांगलेला असेल तर तंबूची गोष्ट लोकांना का लागली असेल हे कळतं. कुशीला आलेलं मूल हाच तिथे दस्तऐवज होता.

एबोलीच्या त्याच ग्रंथात एक चित्र आहे, कॉन्स्टन्स कपड्यात गुंडाळलेलं बाळ स्पोलेतोच्या डचेसच्या हातात देतेय. तिला पुढे पालेर्मोला जायचं होतं, राज्य हातात घ्यायचं होतं, तान्हं मूल मागे ठेवून. इतक्या वर्षांनी झालेलं. मुलाचं नाव तिने आधी कॉन्स्टंटाइन ठेवलं होतं, स्वतःच्या नावावरून, पण बाप्तिस्म्याला ते फ्रेडरिक रॉजर झालं, दोन्ही आजोबांची नावं. यातल्या 'रॉजर'वर माझी नजर दरवेळी अडते. बाप वारल्यावर आठ महिन्यांनी जन्मलेल्या मुलीने, ज्याला तिने कधी पाहिलंच नाही त्या बापाचं नाव पुढे चालवलं.

टँक्रेडच्या कुटुंबाचं वाईट झालं. शरण येताना विल्यमला लेच्चे आणि तारांतो देण्याचं कबूल केलं होतं, पण राज्याभिषेकानंतर चार दिवसांत कटाचा आरोप ठेवून आई, मुलगा, मुली, बरेच सरदार पकडून जर्मनीला नेले. मुलगा तिथेच लहानपणी संपला. खजिना पेट्यांत भरून उत्तरेला गेला, दीडशे खेचरं लागली असं सांगतात.

त्या खजिन्याबरोबर गेला असं मानतात तो एक झगा आज व्हिएन्नाला आहे. रॉजर दुसऱ्याचा. लाल रेशीम, सोन्याची जर, मोत्यांच्या ओळी, मधोमध खजुराचं झाड आणि दोन्ही बाजूंना सिंहाने उंट दाबून धरलेला. काठाने अरबी कुफी अक्षरं, पालेर्मोच्या राजवाड्याच्या कारखान्यात हिजरी 528 साली केला असं त्यात लिहिलंय, म्हणजे 1133-34. ख्रिस्ती राजाचा, अरबी अक्षरांचा झगा, आणि पुढे कितीतरी शतकं जर्मन सम्राट तो राज्याभिषेकाला अंगावर घेत राहिले. बापाची वस्तू मुलीच्या सासरी गेली आणि तिथली खानदानी वस्तू झाली, आपल्याकडे माहेरचा शालू जातो तशी.

28 सप्टेंबर 1197 ला हेन्री मेसिनाला वारला. आणि इथे कॉन्स्टन्स पहिल्यांदा स्वतःच्या मनाप्रमाणे वागताना दिसते. तिने नवऱ्याच्या जर्मन सरदारांना राज्याबाहेर जायला सांगितलं. मुलाला आणवून घेतलं आणि मे 1198 मध्ये पालेर्मोला त्याचा सिसिलीचा राजा म्हणून अभिषेक केला, वय साडेतीन. जर्मनीच्या राजेपणाचा त्याचा किताब तिने सोडून दिला. म्हणजे तिच्या लेखी तो नवऱ्याच्या घराण्याचा, होहेनश्टाउफेनचा, वारस नव्हता, तो रॉजरचा नातू होता. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला ती वारली, मुलाला पोप इनोसंट तिसऱ्याच्या पालकत्वाखाली ठेवून. नुकती 44 पूर्ण झालेली.

टँक्रेडचा वंशही पुरुषांकडून संपला, पण मुलींकडून नाही. त्याची एक मुलगी एल्विरा सुटल्यावर तिने ब्रिएनच्या वॉल्टरशी लग्न केलं आणि वॉल्टर बायकोचा हक्क म्हणून लेच्चे आणि तारांतो मागत इटलीत उतरला, 1205 पर्यंत लढत राहिला, तिथेच मेला. त्या वॉल्टरच्या भावाची, जॉनची, मुलगी इझाबेला 1225 मध्ये कोणाला दिली? कॉन्स्टन्सच्या मुलाला, फ्रेडरिक दुसऱ्याला. वहीत ही रेघ काढताना कागद उलटा धरावा लागतो, दोन भांडणारी घरं एकमेकांत येऊन मिळतात.

पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये रॉजर दुसरा, कॉन्स्टन्स, हेन्री आणि फ्रेडरिक चौघांच्या कबरी एकत्र आहेत, गडद जांभळ्या-लाल पॉर्फिरी दगडाच्या. बाप, मुलगी, जावई, नातू. मधली ती काढली तर बाकी तिघांना एका ठिकाणी असायचं कारणच उरत नाही.

फ्रेडरिकनंतर त्याच्या वंशातले पुरुषही संपले, मॅनफ्रेड 1266 ला बेनेव्हेंतोच्या लढाईत, सोळा वर्षांच्या कॉनरादिनचं 1268 मध्ये नेपल्सला शिर उडवलं. सिसिली फ्रान्सच्या राजघराण्यातल्या आंजूच्या शार्लच्या हातात गेली. मग 1282 च्या मार्चमध्ये पालेर्मोत फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, आणि ऑगस्टच्या शेवटी अरागॉनचा राजा पेद्रो त्रापानीला उतरला आणि म्हणाला की हे राज्य माझ्या बायकोचं आहे. बायको म्हणजे मॅनफ्रेडची मुलगी, फ्रेडरिकची नात. 1283 मध्ये ती स्वतः मुलांना घेऊन सिसिलीला आली. तिचं नाव कॉन्स्टन्स.